परसातील कोंबडी, दारची शेळी : वाढविण्याआधी वाचविणे

सत्तरी, पेडणे, डिचोली, सांगे किंवा काणकोण तालुक्यातील कोणत्याही वाड्यावर सकाळच्या प्रहरी गेले असता दोन दृश्ये हमखास नजरेस पडतात. घरामागच्या परसात पिलांना घेऊन माती उकरणारी कोंबडी आणि मांगराच्या खांबाला बांधलेल्या, फणसाच्या डहाळीला तोंड लावून उभ्या असलेल्या दोन-तीन शेळ्या. या दृश्याची इतकी सवय झालेली असते की त्यामागे एक संपूर्ण अर्थव्यवस्था उभी आहे, याचा सहसा विचार होत नाही. शेती, काजू, नारळ यांचा हिशेब घरातील कर्ता पुरुष ठेवतो. कोंबडी आणि शेळी यांचा हिशेब बहुधा घरातील बाईच्या मनात असतो आणि तो कोठेही लिहिला जात नाही.

देशपातळीवर मात्र या अलिखित हिशेबाचे आकडे लहान नाहीत. २०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात शेळ्यांची संख्या सुमारे १४ कोटी ८९ लाख होती. त्याच गणनेत एकूण कोंबड्या व इतर पाळीव पक्षी सुमारे ८५ कोटी १८ लाख नोंदले गेले आणि त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७१ लाख पक्षी परसात पाळलेले होते. आधीच्या गणनेच्या मानाने परसातील पक्ष्यांची वाढ जवळजवळ ४६ टक्के होती. मोठमोठी कुक्कुटपालन केंद्रे उभी राहिल्यावर परसातील कोंबडी नाहीशी होईल, असा जो समज होता तो या आकड्यांनी खोटा ठरविला आहे.

घरची शिल्लक

ग्रामीण कुटुंबात कोंबडी ही सुट्या पैशांसारखी असते आणि शेळी ही बँकेतील ठेवीसारखी. मुलाची वही-पेन्सिल, पाहुण्यांचा पाहुणचार, राखणदाराला बोललेल्या नवसाचा कोंबडा या गरजा कोंबडी भागविते. आजारपण, शाळा-महाविद्यालयाचे शुल्क, घराची कौले बदलणे असा मोठा खर्च उभा राहिला की बोकड विकला जातो. भांडवल थोडे, जागा थोडी आणि मोबदला लवकर हे या जोडधंद्याचे वैशिष्ट्य होय. गाईसाठी लागणारा चारा ज्या घराला परवडत नाही, त्या घरात दोन शेळ्या सहज पोसल्या जातात.

बाजारपेठेची अडचणही नाही. गोव्यात मटणासाठी लागणारी जनावरे, तसेच कोंबड्या आणि अंडी मोठ्या प्रमाणात बेळगाव व शेजारच्या इतर भागांतून येतात. गावठी अंडे आणि गावठी कोंबडा यांना ग्राहक संकरित मालापेक्षा अधिक भाव आनंदाने देतो. श्रावणात मागणी उतरते आणि चतुर्थी आटोपली की ती पुन्हा वर येते. जत्रांच्या दिवसांत तर माल कमी पडतो. असे असताना घरोघरी हा धंदा चार-सहा पक्षी आणि दोन शेळ्या यांच्यापुढे का जात नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. उत्तर साधे आहे. उत्पन्न कमी असल्यामुळे नव्हे, मरतूक जास्त असल्यामुळे हा धंदा जागच्या जागी राहतो.

पिलांचा हिशेब

उदाहरणादाखल एका गावठी कोंबडीचा विचार करू. ती वर्षातून तीन वेळा खुडूक झाली, दर वेळी तिच्याखाली बारा अंडी ठेवली आणि त्यांतून दहा पिले बाहेर आली, असे धरले तर वर्षाला तीस पिले होतात. त्यांपैकी घार, मुंगूस, पाऊस आणि रोग यांच्या तावडीतून नऊच वाचली तर घरधनीण म्हणते, "कोंबडी बरी चालली आहे." हीच संख्या अठरावर नेता आली तर एकाही कोंबडीची भर न घालता उत्पन्न दुप्पट होते. यासाठी नवी जात, नवे खाद्य किंवा कर्ज लागत नाही. पहिल्या चार आठवड्यांची राखण तेवढी लागते.

ही राखण अंड्यापासून सुरू होते. उबवणीसाठी ठेवावयाची अंडी आठवड्याहून अधिक जुनी नसावीत. ती थंड जागी, निमुळते टोक खाली करून ठेवावीत. कोंबडी बसविल्यावर सातव्या दिवशी रात्री अंधारात विजेरीच्या झोतासमोर अंडे धरावे. आत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसले तर गर्भ वाढतो आहे. अंडे स्वच्छ पारदर्शक दिसले तर ते फोल आहे आणि ते काढून घेतल्यास कोंबडीची ऊब इतर अंड्यांना मिळते. एकविसाव्या दिवशी पिले बाहेर येतात.

पिलांना पहिल्या आठवड्यात सुमारे ९५ अंश फॅरनहाइट उष्णता हवी असते आणि पुढे दर आठवड्याला ती सुमारे ५ अंशांनी कमी केली तरी चालते. आईच्या पंखाखाली ही ऊब आपोआप मिळते. परंतु आई पिलांना घेऊन ओल्या परसात फिरू लागली की पिले गारठतात. म्हणूनच मृगापासून श्रावणापर्यंत काढलेली पिले जास्त मरतात आणि दसऱ्यानंतर माघापर्यंत काढलेली पिले जास्त जगतात. भर पावसात कोंबडी खुडूक झालीच तर पिलांसह तिला पहिले दोन-तीन आठवडे डालग्याखाली किंवा कोरड्या पडवीत ठेवावे, तळाशी भाताचा कोंडा किंवा लाकडाचा भुसा पसरावा आणि तो ओला झाला की बदलावा. ओल्या बिछान्यातूनच रक्ती हगवण पसरते. तीन-चार आठवड्यांनंतर पिलांना ऊब लागेनाशी झाली की त्यांना वेगळ्या जाळीच्या खुराड्यात वाढवावे. यामुळे घारीपासून संरक्षण मिळते आणि पिलांतून मोकळी झालेली कोंबडी पुन्हा लवकर अंड्यावर येते.

दिवसभराची कामे

कोंबड्या आणि शेळ्या पाळणाऱ्या घराचा दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. खुराड्याचे दार उघडताना प्रत्येक पक्षी कसा बाहेर येतो हे पाहणे हे पहिले काम. जो पक्षी पंख पाडून मागे रेंगाळतो, ज्याची विष्ठा हिरवट किंवा पांढरी पातळ दिसते, त्याला त्याच क्षणी डालग्याखाली निराळा ठेवावा. दिवसभराच्या कामात पुन्हा असे निरीक्षण होत नाही. त्यानंतर पाण्याचे भांडे घासून ताजे पाणी भरणे, मूठभर कणी टाकणे आणि खुराड्यातील विष्ठा झाडून खताच्या खड्ड्यात टाकणे ही कामे होतात. कोंबडीची विष्ठा आणि शेळीच्या लेंड्या हे उत्तम खत आहे. मात्र कोंबडीखत ताजे वापरल्यास रोप करपते, म्हणून ते कुजवूनच माडाच्या किंवा पोफळीच्या आळ्यात घालावे.

शेळ्यांना पहाटेच्या दवात चरावयास सोडू नये. पोटातील जंतांच्या अळ्या ओलाव्याबरोबर गवताच्या पात्याच्या शेंड्याकडे चढतात आणि ऊन तापले की खाली उतरतात. त्यामुळे उन्हाने गवत सुकल्यावर शेळ्या बाहेर काढल्यास जंतबाधा कमी होते. भातखाचरांच्या पाणथळ बांधांवर लहान गोगलगायींमार्फत यकृतातील पर्णकृमी पसरतात. अशा जागी शेळ्या चारू नयेत. दुपारी पाणी दाखवून त्यांना सावलीत बांधावे आणि संध्याकाळी पाला द्यावा. दिवेलागणीला कोंबड्या आपणहून खुराड्याकडे येतात. त्या वेळी त्यांची मोजदाद करून दार घट्ट लावले नाही, तर रात्री रानमांजर किंवा मुंगूस ते काम आपल्या पद्धतीने करते. जंगलालगतच्या वाड्यांवर बिबट्याचे भय असते. तेथे शेळ्यांचा गोठा घराला लागून, चारी बाजूंनी भक्कम आणि वरून बंद असणे अगत्याचे आहे.

पावसाळ्यातील निवारा

कोकण-गोव्याच्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने हीच या प्राण्यांची खरी कसोटी असते. शेळी थंडी सोसते, ऊन सोसते. ओल मात्र तिला सोसत नाही. जांभ्याच्या जमिनीवर पाणी साचून गोठा चिखलमय झाला की खुरे कुजतात, करडांना खोकला लागतो आणि फुप्फुसाचा दाह होऊन ती दगावतात. यावर जमिनीपासून तीन-चार फूट उंच फळ्यांचा किंवा चिव्यांचा माच हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. दोन पट्ट्यांमध्ये सुमारे अर्ध्या इंचाची फट ठेवली की लेंड्या आणि मूत्र खाली पडते व वरचा भाग कोरडा राहतो. फट याहून मोठी ठेवल्यास करडांचे पाय अडकून मोडतात. मोठ्या शेळीस सुमारे दहा चौरस फूट आणि पैदाशीच्या बोकडास सुमारे वीस चौरस फूट जागा पुरते. पावसाची झड ज्या दिशेने येते त्या दिशेला झावळ्यांचा आडोसा करावा. पण चारी बाजू बंद करून गोठ्यात कोंदट हवा साठू देऊ नये.

कोंबड्यांच्या खुराड्यासही हाच नियम लागू आहे. ते जमिनीपासून दोन फूट उंच, हवेशीर आणि जाळीचे असावे. आत बसण्यासाठी आडवी काठी लावावी, कारण उंचावर बसून झोपणे हा कोंबडीचा मूळ स्वभाव आहे.

परसातलेच खाद्य

परसातील कोंबडीचा मोठा फायदा असा की ती आपले बरेचसे खाद्य स्वतः शोधते. तिला उरलेली पूर्तता तेवढी करावी लागते. कणी आणि कोंडा यांतून ऊर्जा मिळते. अंड्यासाठी लागणारी प्रथिने किडे, वाळवी, खोबऱ्याची पेंड किंवा सुक्या मासळीचा चुरा यांतून मिळतात. मासळी खारवलेली असेल तर ती धुऊन आणि थोडीच द्यावी. जास्त मीठ कोंबड्यांना मारक ठरते. मातीच्या मडक्यात ओले गवत आणि सुके शेण भरून ते वाळवी असलेल्या जागी रात्रभर पालथे ठेवले, तर सकाळी पिलांसाठी भरपूर वाळवी मिळते. अंड्याचे कवच पातळ होऊ लागले तर चुन्याचे प्रमाण कमी पडत आहे असे समजावे. खाडीकाठच्या गावांत तिसऱ्यांच्या आणि खुब्यांच्या शिंपल्या उकिरड्यावर पडलेल्या असतात. त्या भाजून, कुटून भांड्यात ठेवल्या की कोंबडी आपल्या गरजेपुरत्या खाते.

शेळी ही मुळात पाला खाणारी आहे. मोठ्या शेळीस दररोज चार-पाच किलो हिरवा पाला व चारा, त्याबरोबर थोडा सुका चारा आणि गाभण किंवा दुभती असल्यास दोनशे ते अडीचशे ग्रॅम खुराक लागतो. फणस, उंबर, शेवरी, हादगा, गिरीपुष्प यांचा पाला तिला आवडतो. सुबाभूळ पौष्टिक असला तरी त्यातील मायमोसीन या द्रव्यामुळे तो एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशाहून अधिक देऊ नये. कण्हेर विषारी आहे. कुंपणावर तिचे झुडूप असल्यास शेळीला त्यापासून दूर बांधावे.

एका गोष्टीची विशेष दक्षता घ्यावी. लग्नकार्यात किंवा सणासुदीला उरलेला भात शेळीपुढे टोपलीभर टाकण्याची चूक अनेक घरांत होते. हावरेपणाने खाल्लेल्या भातामुळे तिच्या कोठीपोटात आम्लता वाढते, पोट फुगते आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावते. लोक त्याला दृष्ट लागली असे म्हणतात. दोष मात्र त्या टोपलीचा असतो.

पैदास आणि बोकडाची निवड

शेळीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा, म्हणजे १५० दिवसांच्या आसपास असतो. व्यवस्था चांगली ठेवल्यास दोन वर्षांत तीन वेत मिळू शकतात. शेळी साधारणतः दर एकवीस दिवसांनी माजावर येते आणि माज चोवीस ते छत्तीस तास टिकतो. सारखे ओरडणे, शेपूट हलविणे, खाण्यावरून मन उडणे ही त्याची लक्षणे होत. पाट वर्षाची होण्यापूर्वी, अंगाने भरलेली नसताना फळविली गेल्यास तिची वाढ खुंटते आणि करडेही अशक्त होतात.

लहान वाड्यांवर एकच बोकड अनेक वर्षे ठेवला जातो. तोच पुढे आपल्या पाटींना फळवितो आणि दोन-तीन पिढ्यांत करडे बारीक, कमकुवत, मरतुकडी होऊ लागतात. "जमीनच आता तशी राहिली नाही", असे म्हणून लोक गप्प बसतात. वास्तविक दोन वर्षांनी बोकड बदलणे, किंवा दोन वाड्यांनी आपापले बोकड एकमेकांशी बदलून घेणे एवढाच उपाय पुरेसा आहे. पंचवीस-तीस शेळ्यांसाठी एक चांगला बोकड पुरतो. तेव्हा प्रत्येक घराने तो पाळण्याचीही गरज नाही.

जातीच्या बाबतीत शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोकण कन्याळ ही शेळी लक्षात घेण्यासारखी आहे. अतिवृष्टीच्या आणि दमट हवेच्या प्रदेशात टिकून राहिलेली ही जात कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे. कोरड्या मुलखातील देखणा बोकड आणून येथील पावसात उभा करण्यापेक्षा, याच हवामानात वाढलेले जनावर निवडणे शहाणपणाचे ठरते. कोंबड्यांमध्ये हैदराबाद येथे विकसित झालेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, तसेच बंगळूर येथील कृषी विद्यापीठाची गिरिराजा या जाती परसासाठी तयार केलेल्या आहेत. त्या गावठीपेक्षा अधिक अंडी देतात आणि लवकर वजन धरतात. परंतु त्या सहसा खुडूक बसत नाहीत आणि वजनदार पक्षी शत्रूपासून पळण्यात मंद असतात. म्हणून दोन-तीन गावठी कोंबड्या उबवणीसाठी राखून त्यांच्या जोडीला या जातींची काही पिले पाळणे हा मध्यम मार्ग सोयीचा आहे. याबाबत जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखाने यांच्याकडून मार्गदर्शन मिळू शकते.

जन्मानंतरचा पहिला तास

करडू जन्मल्यावर पहिल्या अर्ध्या ते एक तासात त्याच्या पोटात आईचा चीक गेला पाहिजे. रोगप्रतिकारशक्ती करडाला गर्भात मिळत नाही. ती चिकातून मिळते आणि जसजसे तास जातात तसतशी ती शोषून घेण्याची आतड्याची क्षमता कमी होते. काही घरांत वार पडेपर्यंत करडाला सडाशी लावत नाहीत. ही समजूत सोडून द्यावी. करडाच्या पिण्याने वार पडण्यास उलट मदतच होते. नाळ स्वच्छ पात्याने कापून तिच्या टोकास टिंक्चर आयोडीन लावावे. शेळी गाभडली तर पडलेला गर्भ उघड्या हातांनी उचलू नये. काही गर्भपातांचे कारण माणसांसही बाधणारे असते. हातांना प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तो खोल पुरावा, हात साबणाने धुवावेत आणि पशुवैद्यकास कळवावे. शेळीचे दूध उकळूनच प्यावे, ही खबरदारीही याच कारणासाठी आहे.

मानमोडी आणि शंभर मात्रांची कुपी

परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मानमोडी. भारतात कुमाऊँमधील राणीखेत येथे हा रोग प्रथम आढळल्यामुळे त्याला राणीखेत असेही नाव पडले. मान वेडीवाकडी होणे, हिरवट-पांढरी हगवण, श्वासाची घरघर, पंख व पाय लुळे पडणे ही त्याची लक्षणे होत. रोग विषाणूजन्य असल्यामुळे त्यावर औषध नाही. मात्र लस आहे आणि ती स्वस्त आहे. पिलू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा किंवा एफ लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास त्याच लसीची दुसरी मात्रा आणि आठव्या ते दहाव्या आठवड्यात पंखाखाली आर-२-बी लसीचे इंजेक्शन असा साधारण क्रम आहे. पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात.

लस आहे, स्वस्त आहे, तरीही वाडेच्या वाडे कोंबड्यांविना ओस पडतात. असे का व्हावे? याचे कारण लसीच्या कुपीत आहे. ही लस शंभर, दोनशे किंवा त्याहून अधिक मात्रांच्या कुपीत येते. ती २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावी लागते आणि एकदा विरघळविली की सुमारे दोन तासांत वापरून संपवावी लागते. आठ कोंबड्या असलेल्या बाईने दवाखान्यातून एक कुपी आणली तर ब्याण्णव मात्रा फुकट जातात. म्हणून ती आणत नाही आणि आठ पक्ष्यांसाठी कर्मचाऱ्यास बोलाविण्याचा तिला संकोच वाटतो. कर्मचाऱ्यासही एका घरासाठी कुपी फोडणे परवडत नाही. दोघांचेही म्हणणे रास्त असते आणि त्या दोहोंच्या मधून रोग वाट काढतो.

यावर उपाय एकच, वाड्याने मिळून लस टोचून घेणे. बारा घरांच्या वाड्यावर घरटी आठ पक्षी धरले तर शहाण्णव पक्षी होतात. म्हणजे एक कुपी जवळजवळ पुरी वापरली जाते. दिवस आधी ठरवावा, आदल्या संध्याकाळी सर्वांनी पक्षी खुराड्यात कोंडून ठेवावेत आणि सकाळी उन्हे चढण्यापूर्वी काम उरकावे. उन्हाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा असा वर्षातून दोनदा हा नेम ठेवल्यास नवी पिलेही त्यात सामावली जातात. लसीची पेटी बर्फात ठेवून आणणे, पक्ष्यांची यादी करणे, घरोघरी निरोप पोचविणे ही कामे महिला मंडळ किंवा स्वयंसाहाय्य गट सहज करू शकतो.

रोग आलाच तर आजारी पक्षी घाईघाईने बाजारात विकण्याची चाल सर्वांत घातक आहे. ती विक्री करणाऱ्याच्या हाती थोडे पैसे देते आणि रोग दहा गावांत नेऊन पोचविते. मेलेले पक्षी ओढ्यात टाकू नयेत. चुना घालून खोल पुरावेत. एकाच वेळी अनेक पक्षी अचानक मरू लागले तर दवाखान्यास त्वरित कळवावे. २००६ साली महाराष्ट्रातील नवापूर येथे बर्ड फ्लू प्रथम आढळला, तेव्हापासून अशी खबर वेळेवर मिळणे हे माणसांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरले आहे.

शेळ्यांचे रोग

शेळ्यांमध्ये पीपीआर हा रोग मानमोडीसारखाच संहारक आहे. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात फोड, हगवण आणि फुप्फुसाचा दाह अशी त्याची लक्षणे असतात. भारतात तो १९८७ साली तामिळनाडूत प्रथम नोंदला गेला. करडू तीन-चार महिन्यांचे झाल्यावर दिलेली एक लस सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. पहिल्या पावसानंतर कोवळे गवत अधाशीपणे खाल्ल्याने बळावणारा आंत्रविषार हा दुसरा रोग. त्याची लस पावसाळ्यापूर्वी दरवर्षी द्यावी. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंतनाशक औषध वजनाच्या मानाने पाजावे. नव्याने विकत आणलेली शेळी तीन आठवडे तरी कळपापासून वेगळी बांधावी, कारण बाजारातून शेळीबरोबर रोगही घरी येतो.

या बाबतीत निराश होण्याचे कारण नाही. एके काळी गुराढोरांचा कर्दनकाळ ठरलेली बुळकांडी गावोगाव लसीकरण करून जगातून नाहीशी करण्यात आली आणि २०११ साली तसे जाहीर झाले. पीपीआरचे २०३० पर्यंत जगातून उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आंतरराष्ट्रीय संघटनांनी ठेविले आहे. ते पूर्ण व्हावयाचे तर शेवटच्या वाड्यावरील दोन शेळ्यांनाही लस मिळाली पाहिजे.

शेजारधर्म आणि विक्री

शेळी आणि शेजारी यांचे भांडण जुने आहे. काजूचे नवे कलम किंवा सुपारीचे रोप शेळीने एकदा खुडले की वर्षाचे श्रम वाया जातात. मोकाट चराई बंद करून बांधून पाला घालणे हाच यावर टिकाऊ तोडगा आहे. कुंपणाला निर्जीव काटे लावण्याऐवजी गिरीपुष्प आणि शेवरी यांच्या फांद्या रोवल्या तर कुंपणही होते आणि चाराही मिळतो. पाला तोडण्याचे श्रम वाढतात हे खरे. परंतु ते श्रम एकट्या बाईवर न टाकता घरातील सर्वांनी वाटून घेणे न्यायाचे होईल.

विक्रीच्या वेळी व्यापारी बोकडाची पाठ चाचपून अंदाजाने किंमत सांगतो आणि घरातील अडचण त्याला आधीच ठाऊक असते. महिला मंडळाने एक साधा ताणकाटा घेऊन ठेवला आणि बोकड जिवंत वजनावर विकण्याचा आग्रह धरला, तर हा व्यवहार पुष्कळसा सरळ होतो. एका वहीत जन्म, मरण, लस, अंडी आणि विक्री यांच्या नोंदी ठेवल्या तर वर्षाच्या शेवटी घराला आपले नुकसान नेमके कोठे होते ते कळते. पशुविम्याच्या वेळी आणि कर्जाच्या अर्जाच्या वेळीही अशा नोंदींचा उपयोग होतो.

कोणी काय करावे

शिक्षकांना या कामात मोठी संधी आहे. आपल्या घरी गेल्या वर्षी किती पिले झाली आणि किती जगली, हा साधा प्रश्न पाचवी-सहावीच्या मुलांना दिला तर गणिताचा, विज्ञानाचा आणि गृहजीवनाचा पाठ एकाच वहीत उतरतो. शिवाय लसीकरणासाठी लागणारी वाड्याची यादी आपोआप तयार होते. ग्रामपंचायतीने लसीकरणाचे दोन दिवस आपल्या वार्षिक कार्यक्रमात नोंदवावेत आणि ग्रामसभेत ते जाहीर करावेत. दवाखान्यातील अधिकाऱ्यांनी ठरलेल्या दिवशी लस पोचेल याची खात्री द्यावी, कारण एकदा वाडा तयार होऊन बसला आणि लस आली नाही, तर पुढच्या वेळी पक्षी कोंडण्यास कोणी राजी होत नाही. विश्वास हीसुद्धा थंड पेटीत जपून आणावयाची वस्तू आहे.

परसातील कोंबडी आणि दारची शेळी यांनी कोणाला रातोरात श्रीमंत केलेले नाही आणि तसे आश्वासन देणे योग्यही होणार नाही. परंतु ज्या घरात पावसाळ्याच्या अखेरीस दहा पक्षी आणि दोन करडे जिवंत असतात, त्या घराला अचानक आलेल्या आजारपणात सावकाराचे दार ठोठवावे लागत नाही. नवे युनिट, नवे कर्ज, नवी जात यांचा विचार अवश्य व्हावा. त्याआधी जे घरी आहे ते मरू न देण्याची व्यवस्था प्रत्येक वाड्याने करावी. येत्या लसीकरणाच्या दिवशी आपल्या वाड्याची यादी पुरी असावी, एवढ्यापासून आरंभ केला तरी पुष्कळ झाले.